गाडी शिंपीणबाईंपाशी थांबते

सोमवार, ६ मे

लाडके चिमणे,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बघू? तुझा मामा नाही, मामी नाही, मामीचा भाऊ आला! तोच गं, जुन्या गाड्यांचा दलाल, हसला की सगळे दात एकदम कामाला लागतात तो. मी दार उघडलं तर हा दारात नाहीच. अंगणात, आपल्या गाडीच्या चाकाला बुटाने ठोकत उभा. म्हटलं, "अरे, पाणी तरी घे आधी." तर म्हणतो, "घेतो हो मावशी, आधी हिची तब्येत बघतो." माझी नाही, गाडीची! तेव्हाच मला वास आला. मामा-मामी मागाहून आले, हातात बिस्किटांचा मोठा डबा. तुझ्या मामाने मोठा डबा आणला की समजावं, काहीतरी न्यायला आला आहे.

तर सांगायचं काय, त्यांना आपली गाडी न्यायची आहे. मामा म्हणाला, "आई, गाडी म्हातारी झाली, जोर लागत नाही तिला, गिअरबॉक्स गेलाय, आणि तू पण..." मी म्हटलं, "बोल की, मी पण काय? माझा पण गिअरबॉक्स गेलाय?" मामी कपात बघत बसली. तुझे आजोबा चष्मा पुसत बसले. हे असेच, घराला आग लागली तर आधी चष्मा शोधतील.

पण चिमणे, तुला म्हणून सांगते, गाडीला काहीतरी झालंय खरं. आपल्या घरापासून उतार लागतो ना, तिथे मी इंजिन बंद करते आणि गिअर मोकळा सोडते. पेट्रोल वाचतं हे आपलं लोकांना सांगायला. खरं म्हणजे इंजिन बंद झालं की एकदम शांत होतं, आणि आपण नुसते जात राहतो, कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. जन्मभर मी सगळं ढकलतच आले, तेव्हा मला ते फार आवडतं. पूर्वी अशी सुटली की गाडी वळण घेऊन, सपाट रस्ता धरून थेट ह्यांच्या पायांच्या दवाखान्याच्या फाटकाशी यायची. मग चपलांच्या दुकानापाशी थांबायला लागली. आता शिंपीणबाईंच्या दुकानासमोरच दम टाकते. दर खेपेला तिथेच थांबते म्हणून शिंपीणबाईंची आणि माझी ओळख झाली. चांगली बाई आहे, नवरा घोरतो तिचा, पण ते नंतर.

मामा पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी परत येणार आहे. दलालाला घेऊन. तोवर गाडी नीट झाली नाही तर ते नेणार, आणि मी काय, खिडकीत बसून रिक्षाची वाट बघणार? आजोबांना एक दिवसाआड दवाखान्यात कोण नेणार? दुसऱ्याच्या सोयीने उठायचं, दुसऱ्याच्या सोयीने यायचं. मला एका जागी बसवत नाही बघ. हे लिहितानाही दोनदा उठून गाडी जागेवर आहे का ते बघून आले.

गाड्यांच्या कंपनीत तुझं कामच मुळी गाड्या सोडून द्यायच्या आणि कुठे थांबतात ते बघायचं. मग सांग आता. फोन करू नकोस, कानातलं यंत्र फोनला लागलं की शिट्टी वाजते.

तुझी आजी


शुक्रवार, १० मे

प्रिय आजी,

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. तू उतारावर इंजिन बंद करतेस? आजी, इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत संपते. दोन-तीनदा दाबलास की पाय दगडावर ठेवल्यासारखा होतो. स्टिअरिंगही जड होतं. हे आजपासून बंद. उतार गिअरमध्ये उतरायचा, इंजिन चालू ठेवून. शपथ घे म्हणणार नाही, तू शपथा मोडून परत जोडतेस.

आता गाडीबद्दल. दलालाने चाकाला बूट मारून गिअरबॉक्स ओळखला असेल तर त्याला आमच्याकडे नोकरी द्यायला हवी. गाडी लवकर थांबते म्हणजे कुठेतरी काहीतरी तिला धरून ठेवतंय. ते गिअरबॉक्समध्ये असेल, चाकाच्या बेअरिंगमध्ये असेल, ब्रेकमध्ये असेल, किंवा नुसती टायरमध्ये हवा कमी असेल. अंदाजाने बोलायचं नाही. एकेक बाजूला काढत जायचं.

पाण्याच्या टाकीमागचा रस्ता सपाट आहे आणि सकाळी मोकळा असतो. आधी हवा भरून घे. एका ठरलेल्या खांबापाशी रोज सारख्याच, हळू वेगात ये, इंजिन चालू ठेवूनच गिअर मोकळा कर आणि पाय उचल. ब्रेक लावू नकोस. कुठे थांबते ते बघ. जाताना आणि येताना, दोन्हीकडून. मग उतरून प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू ने. चिकटवू नकोस, भाजेल. कुठलं चाक जास्त गरम आहे ते सांग. आणि समोर काटे असतात तिथे एखादा दिवा लागतो का?

इथे वाऱ्यामुळे आमचा गाड्या तपासायचा रस्ता बंद आहे. गाड्या उभ्या, आम्ही उभे. नव्या गाडीचा अहवाल द्यायचा आहे आणि काहीच करता येत नाही. मीही खिडकीशी जाऊन झाडं हलतायत का बघते. तुझ्यावरच गेले.

तुझी
चिमणी


गुरुवार, १६ मे

चिमणे,

अगं, टाकीमागे मी आता पुढारी झाले! सकाळी फिरायला येणारे सगळे मला ओळखतात. एक निवृत्त मास्तर तर रोज विचारतात, "आज कुठवर?" मी हात करून दाखवते.

हवा भरली, चाकं चांगली टणक झाली. आता ऐक. मी एकटी गेले की गाडी टाकीच्या दुसऱ्या फाटकाच्या पुढे जाते, छान, डौलात. आणि हे बरोबर असले की पहिल्या फाटकाच्या अलीकडेच थांबते. जाताना तसंच, येताना तसंच. म्हणजे दोष कुणाचा ते कळलं! तुझ्या आजोबांचा! बसून बसून वजन वाढलंय. मी ह्यांना म्हटलं, "अहो, गाडीला तुम्ही जड झालात." तर खिडकीबाहेर बघायला लागले. राग आला असेल. रात्री पोळी एक कमी खाल्ली. मग मलाच वाईट वाटलं.

चाकं बघितली. एकटी असते तेव्हा चारही सारखी. हे असले की मागची दोन्ही गरम, हात जवळ नेववत नाही. म्हणजे वजनच ना? हे बसतात मात्र पुढे, माझ्या शेजारी. मग मागची चाकं का, ते काही मला उमगलं नाही.

दिव्याचं विचारलंस ना. एक लाल दिवा आहे. मी एकटी असले की गाडी सुटल्यावर विझतो, हे असले की पुन्हा लागतो. तो दोन माणसं बसल्याची खूण असणार. हल्ली गाड्यांत काय काय करतात.

गॅरेजवाल्याकडेही गेले होते. म्हणाला, "आजी, गिअरबॉक्सच असणार." मी म्हटलं, "असणार नको, आहे का सांग." त्याने गिअरचं तेल काढून बघितलं, स्वच्छ निघालं. मग तो तेलाकडे असा बघत राहिला जसं काही तेलाने त्याला फसवलं. नवीन भरलं. फरक शून्य.

इंजिन बंद न करता उतार उतरते आता, तू म्हणालीस म्हणून. गाडी गुरगुरत उतरते, मजा नाही. पण उतरते.

मामाचा फोन येऊन गेला. आजोबांशी बोलला, बराच वेळ. मला ऐकू आलं नाही. काय बोललात विचारलं तर म्हणे, "हवापाणी." इतका वेळ हवापाणी? मला घरात फिरताना सारखं वाटतं की माझ्या पाठीमागे काहीतरी ठरतंय.

आजी


सोमवार, २० मे

प्रिय आजी,

तू फार छान बघितलंस. आमच्याकडची माणसं इतकं नीट सांगत नाहीत.

पहिलं, आजोबांना वजनावरून बोलू नकोस. एका माणसाच्या वजनाने गाडी एवढी अलीकडे थांबत नाही. उतारावर तर भरलेली गाडी उलट जरा पुढेच जाते. तेव्हा ते निर्दोष. निदान वजनाच्या बाबतीत.

दुसरं, तुझ्या गाडीत इंजिन आणि गिअर पुढच्या चाकांना जोडलेले आहेत. मागची चाकं नुसती पाठोपाठ येतात. गिअरबॉक्स धरत असता तर त्याचा मागच्या चाकांना ताप झाला नसता. आणि गिअरबॉक्सला कोण बसलंय ते कळत नाही. मामाला हे सांग. दलालाला तर जरूर सांग.

आता एकच कर. एकदा आजोबांना मागच्या सीटवर बसव आणि तीच चाचणी घे. बाकी काही बदलू नकोस. त्यांना काही विचारू नकोस, चिडवू नकोस. पाय लांब करता येतील असं सांग.

दिव्याबद्दल मी नंतर लिहिते.

वारा पडला आहे. उद्यापासून आमचा रस्ता सुरू होईल असं म्हणतात. रोजच म्हणतात.

चिमणी


शनिवार, २५ मे

चिमणे गं,

झाली की दुरुस्त! ह्यांना मागे बसवलं आणि गाडी दुसऱ्या फाटकाच्या पुढे गेली! निवृत्त मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. चाकं पण थंड. म्हणजे वजन मागे पाहिजे होतं! तुमच्या शिकलेल्या लोकांना कळलं नाही, पण ही बैलगाडीसारखीच गोष्ट आहे, भार नीट वाटायला लागतो. आता हे मागे बसतील, पुढे माझी पिशवी. पुढच्या महिन्यात दलाल आला की दाखवते त्याला.

पण एक सांगू? आनंद झाला तसा टिकला नाही. ह्यांचं काहीतरी बिनसलंय. मागे बसले की आरशात मला ह्यांचा चेहरा दिसतो. दोन्ही हात पुढच्या सीटला धरलेले, डोळे घट्ट मिटलेले. मी म्हटलं, "झोप येते का हो?" तर म्हणाले, "हो." झोपलेला माणूस असा बसतो का? काल दवाखान्यात जायची वेळ झाली तर म्हणाले, "आज नको." आज विचारलं तर आज पण नको. पायांच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा निरोप पाठवला. पाय आखडले तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि आज सकाळी चहा घेताना काय म्हणावं ह्यांनी? "तो म्हणतो तर देऊन टाक ना गाडी." माझ्या हातातला कप तसाच राहिला. पोराने नेली तर मी भांडेन, पण घरातल्याच माणसाने दरवाजा उघडून दिला तर कुणाशी भांडू? शिंपीणबाईंकडे गेले, चालत. ती म्हणाली, "बसा." मला बसवेना. परत आले. परत गेले. तिसऱ्या वेळी तिने मला बटणं लावायला दिली, म्हणाली, "हाताला काम असू दे तुमच्या."

मला हे कळत नाही. गाडी नीट झाली आणि माणूस बिघडला. तुला काही कळतं का? तू दिव्याबद्दल लिहिणार होतीस.

आजी


बुधवार, २९ मे

प्रिय आजी,

बसून वाच. खरंच बस.

तो लाल दिवा दोन माणसांचा नाही. हँडब्रेक वर ओढलेला असला की तो लागतो, थोडा ओढलेला असला तरी. हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना धरतो. म्हणून दोन्ही चाकं सारखी गरम. तू एकटी असताना दिवा विझतो. आजोबा मागे बसले तेव्हा विझला असणार. ते पुढे, तुझ्या शेजारी बसले की लागतो. हँडब्रेक तुम्हा दोघांच्या मध्ये आहे. आजोबा गाडीत बसले की नेहमी स्वेटरची घडी मांडीवर ठेवतात, ती कुठवर पसरलेली असते ते आठव. ओढताना कटकट आवाज होतो, पण तुला तो ऐकू येणार नाही.

मला हे दिव्याचं वाचल्यावरच वाटलं होतं. तरी मागच्या सीटची चाचणी घेतली, कारण अंदाजावर मी कुणावर आळ घेत नाही. आणि खरं सांगू, तुला सांगायला धीर होत नव्हता. मला वाटलं, वजनाचं काही निघालं तर बरं.

आजी, ओरडू नकोस. ते गाडी बिघडवत नव्हते. ते घाबरत होते. मागे बसल्यावर हाताला धरायला काहीच उरलं नाही, म्हणून डोळे मिटले असतील. म्हणूनच गाडी देऊन टाक म्हणाले असतील.

गॅरेजवाल्याला मागचे ब्रेक उघडायला सांग. इतके दिवस घासून आतले पट्टे झिजले असतील, केबलही बघायला सांग.

उत्तर लवकर पाठव. मला इथे चैन नाही.

चिमणी


सोमवार, ३ जून

चिमणे,

ओरडू नकोस म्हणालीस. ओरडले. आधी ओरडले, मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. उलट करायला हवं होतं.

झालं असं. तुझं पत्र आलं तेव्हा हे बाहेर खुर्चीवर होते. मी पत्राचं काही न सांगता म्हटलं, "चला, पुढे बसा आज, दवाखान्यात जाऊ." पुढे म्हटल्यावर लगेच उठले बघ. उतारावर मी मुद्दाम खाली बघितलं नाही, दिव्याकडे बघत राहिले. वळणाच्या आधी लागला. तेव्हा मी बाजूला घेऊन गाडी थांबवली आणि स्वेटर उचललं. ह्यांचा हात तिथे! असा घट्ट धरलेला, बोटांची पेरं पांढरी. चोर पकडल्यासारखं मी काय काय बोलले ते लिहीत नाही. "माझ्या गाडीला, माझ्याच शेजारी बसून! आणि मी गॅरेजवाल्याशी भांडतेय, तुमच्या पोटाला बोल लावतेय, आणि तुम्ही गप्प!" मागून एक गाडी हॉर्न वाजवत होती, तिला म्हटलं, जा की बाजूने.

हे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "अगं, माझे पाय आता काही दाबत नाहीत. उतार आला की, गाडी मोकळी सुटली की, पाय आपोआप ब्रेक शोधतो आणि तिथे नुसती जमीन असते. हात तेवढा राहिला होता."

मी म्हटलं, "मग हळू म्हणायचं की!"

तर म्हणाले, "तू उतारावर गुणगुणतेस. घरात कधी गुणगुणत नाहीस."

चिमणे, मला माहीतच नव्हतं मी गुणगुणते ते. मला ऐकू येत नाही ना.

मी हँडब्रेक खाली केला आणि म्हटलं, "हात माझ्या दांडीवर नको. भीती वाटली की तोंडाने हळू म्हणायचं, आणि मला ऐकू येईल असं ओरडून म्हणायचं." दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. हे वळणापर्यंत चार वेळा ओरडले, "हळू!" रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. चौथ्यांदा तर गाडी उभीच होती.

गॅरेजवाल्याने मागची चाकं उघडली. पट्टे झिजून कागद झाले होते, केबल पण आखडलेली. म्हणाला, "कुणीतरी हँडब्रेक लावून चालवत होतं, आजी." मी म्हटलं, "हो का? कोण असेल बाई!" हे खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते, उलटं.

नवीन पट्टे घातले, केबल बदलली. पण रविवार आला गं जवळ. गाडी धावेल, त्याची भीती नाही. मामा ह्यांनाच विचारणार, आणि हे खोटं बोलणारे नव्हेत. घाबरतो म्हणाले की संपलं. मी ह्यांना शिकवून ठेवलेलं नाही काही. ठेवावंसं वाटलं, दोनदा तोंड उघडलं. पण मग ह्यांनी लपून हँडब्रेक धरला, तसंच मी ह्यांचं तोंड धरलं असतं की.

आजी


गुरुवार, ६ जून

आजी,

घाईत लिहिते. आमचा रस्ता सुरू झाला आणि नवी गाडी ठरल्यापेक्षा अलीकडेच थांबली. सगळे गिअरबॉक्स म्हणतायत. मी म्हटलं, आधी चाकांजवळ हात नेऊन बघू.

आजोबांना शिकवलं नाहीस ते बरं केलंस. त्यांना जे म्हणायचं ते म्हणू दे. रविवारी मला इथे काही सुचणार नाही. झालं की लगेच लिही, नुसतं "राहिली" किंवा "गेली" एवढं लिहिलंस तरी चालेल.

चिमणी


सोमवार, १० जून

चिमणे,

एका शब्दात लिही म्हणालीस. मला एका शब्दात कधी जमलंय?

या खेपेला मामा आधी आला, डबा न आणता. दलाल त्याच्या मागे, मामी सगळ्यात शेवटी. बसलेसुद्धा नाहीत. दलाल म्हणाला, "मावशी, एक फेरी मारू." मी म्हटलं, "मार, पण मी चालवणार." टाकीमागे नेलं त्याला. खांबापाशी गिअर मोकळा केला. गाडी पहिलं फाटक सोडून, दुसरं फाटक सोडून गेली आणि थेट मास्तर बसतात त्या बाकापाशी जाऊन थांबली, अगदी अलगद. दलालाचे सगळे दात आत गेले. म्हणाला, "गिअरबॉक्स चांगला आहे की." मी म्हटलं, "तो चांगलाच होता. मागच्या चाकांना गिअरबॉक्सचा ताप होत नाही, माझी नात म्हणते." त्याने मान हलवली, कळल्यासारखी.

घरी आलो तर मामा तयारच. म्हणाला, "गाडीचं ठीक आहे, आई. माझं म्हणणं गाडीचं नव्हतंच." आणि वळला ह्यांच्याकडे. "बाबा, तुम्हीच मला फोनवर म्हणालात, भीती वाटते. आता आईसमोर सांगा. वाटते की नाही?"

मी उभीच होते.

हे म्हणाले, "वाटते."

मामाने माझ्याकडे बघितलं, झालं ना, अशा नजरेने. आणि हे पुढे म्हणाले, "तुझी आई गाडी चालवते म्हणून नाही वाटत. मी चालवत नाही म्हणून वाटते. रिक्षात बसलो तरी वाटणार. पण रिक्षावाला माझ्या ओरडण्याने हळू करत नाही. ही करते."

मामी एकदम हसली. मामाने तिच्याकडे बघितलं तर आणखी हसली. म्हणाली, "अहो, मी गाडी चालवते तेव्हा तुम्ही पण माझ्या शेजारी बसून जमीन दाबता की." मामा लाल झाला. दलाल म्हणाला, "मी चहा घेतो." घेतला बिचाऱ्याने, दोन कप.

किल्ली मामाने मेजावरून उचलली, हातात फिरवली. मला वाटलं, आता खिशात जाते. मग माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "इंजिन बंद करायचं नाही." मी म्हटलं, "ते कधीच सोडलं." "अंधारात बाहेर पडायचं नाही." म्हटलं, "बरं." त्याला आणखी काही आठवेना.

निघताना मी म्हटलं, "चल, स्टँडपर्यंत सोडते, उतारावरून." दलाल बसला, मामी बसली, दोघं मागे. पुढची सीट रिकामी ठेवली होती त्यांनी. तुझा मामा दाराला हात लावून उभा राहिला, वाकून आत बघितलं, हँडब्रेककडे बघितलं, आणि म्हणाला, "मी येतो चालत." एवढा मोठा माणूस, उन्हात, चालत! मी गिअरमध्ये घेऊन इतकी हळू उतरले की वळणापर्यंत तो आमच्या बरोबरीनेच होता. खिडकीतून म्हटलं, "अरे, बस की." म्हणाला, "आज नको, आई."

पण स्टँडवर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या वेळी बसतो. पुढे, तुझ्या शेजारी." मामी साक्षीला आहे. येत्या तेवीस तारखेला येतो म्हणाले आहेत, रविवारी.

आजी